एकाच लॉटचे तीन अफ्लाटॉक्सिन अहवाल आणि तिन्ही वेगळे, असे का होते?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने उन्हाळी शेंगदाण्याचा 18 टनांचा लॉट निर्यातीसाठी तयार केला. त्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेले विष, आहे का ते तपासून घेतले. एका प्रयोगशाळेचा अहवाल आला, 'अफ्लाटॉक्सिन आढळले नाही'. दुसरीचा आला, एकूण अफ्लाटॉक्सिन 46 पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग, किलोमागे एक मायक्रोग्रॅम). गोदामात तुम्ही स्वतः स्ट्रिप, म्हणजे झटपट तपासणीची पट्टी, लावली तेव्हा ती वाचणाऱ्या रीडरने 9 दाखवले. दोन्ही प्रयोगशाळांना तुम्ही एकेक किलो दाणे पाठवले होते. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: कोणती लॅब चुकली ते, आणि स्वतःचे यंत्र घ्यायचे तर एलायझा, एचपीएलसी की एलसी-एमएस/एमएस, यांपैकी कोणत्या तपासणी पद्धतीचे ते.

बहुधा कोणतीच लॅब चुकलेली नाही. दोघींनी आपापल्या किलोचे खरे उत्तर दिले, आणि ते दोन किलो एकमेकांसारखे नव्हते. हे एकदा नीट पटले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निम्मे मिळते, म्हणून आधी यावरच सविस्तर लिहितो.

अफ्लाटॉक्सिन तयार करणारी अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मालात सगळीकडे सारखी पसरत नाही. काढणीआधीचे तीन-चार आठवडे पाण्याचा ताण बसलेली शेंग, किडीने भोक पाडलेली शेंग, उपटून ठेवलेल्या वेलांवर वळवाचा पाऊस पडला त्या ढिगातली शेंग, अशा ठिकाणी ती शिरते. शेजारची शेंग कोरी राहते. अमेरिकेत 1960 च्या दशकात एकेक दाणा सुटा तपासला गेला, तेव्हा काही दाण्यांत 10 लाख पीपीबीपेक्षाही जास्त विष निघाले. म्हणजे दाण्याच्या वजनाचा हजारावा भाग निव्वळ अफ्लाटॉक्सिन. भाताची परीक्षा शितावरून होते, कारण एका भांड्यातला भात सारखाच शिजतो. शेंगदाण्याच्या लॉटमध्ये प्रत्येक शीत वेगळे शिजलेले असते.

आता गणित करून पाहा. सौम्य उदाहरण घेऊ. समजा विषारी दाण्यात 1 लाख पीपीबी आहे आणि दाणा अर्ध्या ग्रॅमचा आहे. त्या एका दाण्यात 50 मायक्रोग्रॅम विष झाले. तुमच्या लॉटची खरी सरासरी 10 पीपीबी धरू, म्हणजे किलोमागे 10 मायक्रोग्रॅम. याचा अर्थ 5 किलोमागे एक विषारी दाणा, म्हणजे 10 हजार दाण्यांत एक. एका किलोत साधारण 2 हजार दाणे असतात. या लॉटमधून एकेक किलोचे 100 नमुने काढले तर सुमारे 82 नमुन्यांत एकही विषारी दाणा येणार नाही आणि अहवाल 'आढळले नाही' असा येईल. सुमारे 16 नमुन्यांत एक दाणा येईल आणि अहवाल 50 पीपीबी म्हणेल. उरलेल्या एक-दोन नमुन्यांत दोन दाणे येतील आणि 100 पीपीबी निघेल. लॉटचे खरे उत्तर 10 आहे आणि ते एकाही अहवालात येत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक दाण्यातले विष कमीजास्त असते, त्यामुळे तुमच्या स्ट्रिपसारखे मधले आकडेही दिसतात. पण विखुरण्याचा प्रकार हाच.

त्याच लॉटमधून 20 किलोचा नमुना काढा. त्यात सरासरी चार विषारी दाणे येतील आणि प्रत्येक दाणा उत्तरात अडीच पीपीबीची भर घालील. दहापैकी आठ वेळा उत्तर 5 ते 15 च्या दरम्यान पडेल. आता आकड्याला काही अर्थ आला. यंत्र तेच, केमिस्ट तोच, फक्त पोत्यातून काढलेला माल वाढला.

अमेरिकी कृषी विभागातले थॉमस व्हिटेकर यांनी नॉर्थ कॅरोलिनात बसून अनेक दशके हेच मोजले: एकूण चुकीतला किती वाटा नमुन्याचा, किती दळण्याचा आणि किती रासायनिक तपासणीचा. शेंगदाण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटा नमुन्याचा निघतो, आणि तपासणीचा वाटा त्यापुढे अगदी लहान असतो. युरोपीय संघाच्या नियमांत मोठ्या लॉटसाठी 100 ठिकाणांहून साधारण 200 ग्रॅम, असा मिळून 20 किलोचा नमुना सांगितला आहे तो यामुळेच. थेट खाण्यासाठी जाणाऱ्या मालात त्या 20 किलोंचे दोन भाग करून तपासतात आणि दोन्ही भाग मर्यादेत बसावे लागतात. पुढे निवड किंवा प्रक्रिया होणार असलेल्या शेंगदाण्यासाठी कोडेक्सचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा, नमुनाही 20 किलोंचाच आहे. 'एवढा माल तपासायला का द्यायचा' अशी तक्रार व्यापारी करतात. 18 टनांपुढे 20 किलो किती, याचा हिशेब त्यांनी एकदा मांडून पाहावा.

नमुना काढायची उत्तम जागा म्हणजे माल वाहत असताना. कलर सॉर्टरमधून, म्हणजे रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्रातून, दाणे पोत्यात पडतात तिथे ठरावीक वेळाने पूर्ण धारेखाली भांडे धरून मुठी दोन मुठी दाणे घेत राहा. दिवसभरात 20 किलो जमा होतात आणि लॉटचा प्रत्येक भाग त्यात येतो. थप्पी लागून गेली असेल तर काम अवघड होते. 50 किलोच्या पोत्यांत 18 टन म्हणजे 360 पोती. त्यांतली किमान 100 पोती गाठली पाहिजेत, आणि त्यांत भिंतीकडची, तळातली, मधली सगळी हवीत. तुम्ही वरच्या थरातल्या काही पोत्यांतून दाणे काढले असे लिहिले आहे. ओल धरते ती तळाला आणि भिंतीला लागून, त्यामुळे सगळ्यात संशयित पोती नमुन्याबाहेरच राहिली. पोत्यात खुपसायची पोकळ सळई मध्यापर्यंत पोचेल एवढी लांब असावी. हाताने 'चांगले दिसतात ते' किंवा 'खराब दिसतात ते' दाणे उचलू नका. दोन्ही प्रकारे अहवाल बिघडतो.

नमुना लॅबमध्ये पोचल्यावर दळण येते. तपासणीला शेवटी 25 किंवा 50 ग्रॅमच जातात. ते 25 ग्रॅम अख्ख्या दाण्यांतून उचलले तर काढलेल्या 20 किलोंची सगळी मेहनत वाया. आधी पूर्ण नमुना दळायचा, एकजीव करायचा आणि मग त्यातून भाग घ्यायचा, हाच योग्य क्रम. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवले की गोळा होतो, पात्याला चिकटतो आणि भरड कण मध्येच अडकून राहतात. त्यावर चांगला उपाय म्हणजे पाणी घालून मोठ्या कटर-मिक्सरमध्ये पातळ वाटण करणे. कण बारीक होतात आणि कुठूनही चमचा घेतला तरी उत्तर जवळपास सारखे येते. म्हणून कोणत्याही प्रयोगशाळेला यंत्राचे नाव विचारण्याआधी हे विचारा: 'आम्ही 20 किलो पाठवले तर तुम्ही सगळे दळता का, आणि कशात?' समोरचा माणूस या प्रश्नावर अडखळला तर पुढे बोलण्यात फारसा अर्थ नाही. मी स्वतः लॅबची पारख याच प्रश्नावर करतो.

आता तपासणीच्या पद्धती. सगळ्यांची सुरुवात सारखी असते. वाटणात मिथेनॉल-पाणी किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी घालून हलवायचे. विष द्रवात उतरते आणि चोथा गाळून काढायचा. पुढे रस्ते फुटतात.

सगळ्यात जुनी पद्धत टीएलसीची, म्हणजे काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर देऊन त्यावर अर्काचा ठिपका चढवण्याची. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पिल्ले मेली. त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीपर्यंत संशोधक पोचले, तेव्हा हे विष अतिनील दिव्याखाली असेच ओळखू आले. बी गटाची अफ्लाटॉक्सिन निळी चमकतात आणि जी गटाची हिरवट, नावातली अक्षरे त्या इंग्रजी रंगांवरूनच आली. कसलेला माणूस टीएलसीवर काही पीपीबीपर्यंत अंदाज बांधू शकतो. पण ठिपक्याची चमक डोळ्यांनी जोखायची असते, आणि युरोपच्या मर्यादेजवळ तेवढा भरवसा पुरत नाही. विद्यार्थ्यांना ही पद्धत मी आजही आधी शिकवतो, कारण विष कसे वेगळे होते ते डोळ्यांसमोर दिसते.

निर्यातीच्या अहवालात तुम्हाला बहुतेक वेळा 'आयएसी-एचपीएलसी-एफएलडी' असे लिहिलेले दिसेल. एचपीएलसी म्हणजे द्रवातले घटक दाबाखाली वेगळे करणारे यंत्र, एफएलडी म्हणजे त्याचा चमक मोजणारा डिटेक्टर, आणि आयएसी म्हणजे त्याआधी अर्क स्वच्छ करणारा इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलम. बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळीत मऊ कण भरलेले असतात आणि त्यांवर अफ्लाटॉक्सिनलाच धरणाऱ्या अँटिबॉडी बसवलेल्या असतात. पातळ केलेला अर्क वरून सोडायचा, विष अँटिबॉडीला चिकटते, तेल-रंग-साखर खाली निघून जाते. पाण्याने धुवायचे आणि शेवटी शुद्ध मिथेनॉल सोडून विष सोडवून घ्यायचे. ऐकायला सोपे वाटते, पण निम्म्या चुका इथेच होतात. अर्क पुरेसा पातळ केला नाही तर त्यातले मिथेनॉलच अँटिबॉडीची पकड सैल करते आणि आकडा कमी येतो. थेंब घाईने पाडले तरी कमी येतो. शेवटचे मिथेनॉल कॉलममध्ये मिनिटभर थांबू दिले नाही तर विष पूर्ण सुटत नाही.

याच कॉलमची एक मर्यादा फार कमी लोक तपासतात. कॉलम ठरावीक वजनाचेच विष धरू शकतो. काही बनावटींत ही क्षमता 100 नॅनोग्रॅमच्या आसपास असते. एक ग्रॅम शेंगदाण्याइतका अर्क घातला आणि दाण्यात 500 पीपीबी असले, तर कॉलमवर 500 नॅनोग्रॅम आले. कॉलम भरतो, बाकीचे विष खाली वाहून जाते आणि अहवालात 100 च्या आसपासचा आकडा येतो. फार वाईट माल असा मध्यम वाईट दिसू लागतो. म्हणून अशा कॉलमवर क्षमतेच्या जवळ जाणारा निकाल आला की तो अर्क आणखी पातळ करून पुन्हा चालवलाच पाहिजे.

एचपीएलसीमध्ये जी-2, जी-1, बी-2, बी-1 ही चारही अफ्लाटॉक्सिन एकामागून एक वेगळी होऊन येतात आणि फ्लुओरेसन्स डिटेक्टर त्यांची चमक मोजतो. अडचण अशी की पाण्यासारख्या द्रावणात बी-1 आणि जी-1 यांची चमक मंदावते, आणि बी-1 हेच तर सगळ्यात घातक. म्हणून एचपीएलसीच्या कॉलमनंतर ब्रोमीनची किंवा आयोडीनची अभिक्रिया घडवतात, किंवा द्रावण अतिनील दिव्याभोवती गुंडाळलेल्या नळीतून नेतात. मग ती दोन्हीही झळकतात. या दिव्याचे तास संपत आले किंवा ब्रोमीनचा सेल थकला की आलेखावरचे बी-1 चे शिखर बसते, पण बी-2 आणि जी-2 ठणठणीत दिसतात. चारही शिखरांचे एकमेकांशी असलेले प्रमाण रोजच्या रोज पाहणारा केमिस्ट हा बिघाड लगेच ओळखतो.

प्रमाणित द्रावणांबद्दल, म्हणजे तुलनेसाठी लागणाऱ्या माहीत प्रमाणाच्या स्टँडर्डबद्दल, दोन गोष्टी. अफ्लाटॉक्सिन उजेडात खराब होते, म्हणून तपकिरी काच लागते. आणि पाणी जास्त असलेल्या द्रावणातून ते साध्या काचेला चिकटते, म्हणून कुप्या आम्लाने धुतलेल्या किंवा सिलॅनाइझ केलेल्या, म्हणजे विष चिकटू नये असा थर दिलेल्या, असाव्यात. स्टँडर्डच कुपीला चिकटून कमी झाले तर सगळ्या नमुन्यांचे आकडे वाढीव येतात, आणि निर्दोष लॉट नापास होतो. हातमोजे, मास्क, आणि सांडलेल्या जागेवर सोडियम हायपोक्लोराइट हे तर हवेच. बी-1 हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटातले आहे, आणि दाण्याची धूळ नाकात जाते ती दळताना.

एलायझा आणि स्ट्रिप दोन्ही अँटिबॉडीवरच चालतात, फक्त इथे विष वेगळे काढत नाहीत, थेट अंदाज घेतात. दोन्ही स्पर्धेच्या तत्त्वावर आहेत, त्यामुळे खूण उलटी वाचायची: विष जास्त तर एलायझाच्या खाचेतला रंग फिका, आणि स्ट्रिपवरची टी, म्हणजे तपासणीची, रेघ पुसट. गोदामातल्या नव्या मुलांचा इथे हमखास घोटाळा होतो. ठळक रेघ दिसली की ते 'सापडले' म्हणतात. ठळक रेघ म्हणजे माल स्वच्छ. स्ट्रिपबरोबर आकडा दाखवणारा रीडर घ्या, सांगितलेल्या मिनिटालाच वाचा, आणि इनक्युबेटरचे तापमान पाळा. किट फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर ते खरोखर फ्रिजमध्येच ठेवा. एप्रिल-मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत दोन दिवस तापलेल्या अँटिबॉडीचा भरवसा नाही.

हैदराबादजवळ पाटनचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने शेंगदाण्यासाठी स्वस्त एलायझा विकसित केली ती एकाच वेळी पुष्कळ नमुने तपासता यावेत म्हणून, आणि तिचे खरे बळ तिथेच आहे. 40 गावांच्या मालातून कोणता बाजूला काढायचा हे ठरवायला ती उत्तम. मात्र अँटिबॉडी बहुधा बी-1 ला घट्ट धरते आणि जी-2 ला सैल, म्हणून 'एकूण' आकडा बनावटीनुसार बदलतो. शिवाय शेंगदाण्यासाठी तपासून घेतलेले किट मिरची पुडीवर लावले तर रंग आणि इतर घटक मध्ये येऊन भलताच आकडा दाखवतात. किटच्या माहितीपत्रकात तुमच्या पदार्थाचे नाव नसेल तर ते किट तुमच्यासाठी नाही.

एलसी-एमएस/एमएस हे सगळ्यात समर्थ साधन. ते रेणूचे वजन आणि तो फुटल्यावर होणारे तुकडे दोन्ही पाहते. बी-1 साठी 313 या आयनाचे 285 आणि 241 हे तुकडे धरतात, आणि दोघांचे आपसातले प्रमाण स्टँडर्डशी जुळले तरच बी-1 म्हणतात. ओळख पटवण्यात याला तोड नाही. एकाच फेरीत अनेक विषे मोजता येतात. ऑस्ट्रियातल्या टुल्न इथल्या गटाने 2006 मध्ये गहू आणि मक्यातली 39 बुरशीविषे एकाच पद्धतीत मोजून दाखवली होती. गहू, मका, ओट यांत डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, झिअरालेनॉन, फ्युमोनिसिन ही इतर बुरशीविषे एकत्र येतात, आणि काही विषे वनस्पतीने साखर जोडून लपवलेली असतात. तिथे दुसरा पर्याय नाही. पण शेंगदाण्यातले तेल आणि इतर घटक आयन तयार होताना आड येतात आणि आकडा दबतो. त्यावर कार्बन-13 ने खूण केलेले अफ्लाटॉक्सिन नमुन्यात घालतात, किंवा कोऱ्या शेंगदाण्याच्या अर्कात स्टँडर्ड तयार करतात. यांतले काहीही न करता आलेला एलसी-एमएस/एमएसचा आकडा मी नीट चाललेल्या एचपीएलसीच्या खाली धरतो. निव्वळ अफ्लाटॉक्सिनसाठी आणि एकाच पिकासाठी हे यंत्र लागतही नाही.

अतिनील टॉर्चबद्दल कोणीतरी सुचवील, म्हणून आताच सांगतो. मक्याच्या आणि सरकीच्या फुटलेल्या दाण्यांत बुरशीने केलेल्या कोजिक आम्लामुळे पिवळट-हिरवी चमक दिसते. ती बुरशी येऊन गेल्याची खूण, विषाची मोजणी नव्हे. शेंगदाण्यात तर या खुणेवर विसंबायचेच नाही.

आता तुमचे कागद हातात घ्या. पहिला अहवाल म्हणतो 'आढळले नाही'. त्याच्या शेजारी मोजणीची खालची मर्यादा, म्हणजे एलओक्यू, किती लिहिली आहे? ती 5 पीपीबी असेल आणि तुमचा माल युरोपला थेट खाण्यासाठी जायचा असेल, तर तो अहवाल निरुपयोगी आहे, कारण तिथे बी-1 ची मर्यादा 2 आणि एकूण 4 पीपीबी आहे. पुढे निवड किंवा प्रक्रिया होणार असलेल्या शेंगदाण्याला हेच आकडे 8 आणि 15 आहेत. भारतात एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, प्रक्रियेसाठीच्या मालाला एकूण 15 आणि खाण्यास तयार मालाला 10 ही मर्यादा ठेवली आहे. अमेरिकेत एकूण 20. म्हणजे लॉट चांगला की वाईट हे तो कुठे आणि कशासाठी जातो यावर ठरते. दुसऱ्या अहवालात बी-1 वेगळे दिले नसेल तर मागून घ्या. युरोपला दोन्ही आकडे लागतात.

रिकव्हरी पाहा. कोऱ्या दाण्यात माहीत असलेले विष मिसळून तपासले तर किती टक्के परत मिळते तो हा आकडा. 1 ते 10 पीपीबीच्या पट्ट्यात 70 ते 110 टक्के चालते. उत्तर रिकव्हरीने सुधारले आहे की नाही ते लिहिलेले असावे. अनिश्चितता पाहा. पीपीबीच्या पातळीवर दोन चांगल्या प्रयोगशाळांनी एकच एकजीव वाटण तपासले तरी साधारण 22 टक्के विचलन धरले जाते. त्यामुळे 10 आणि 13 हे दोन आकडे मी एकच समजतो आणि त्यावर कोणाशी भांडत नाही. शून्य आणि 46 यांतला फरक मात्र या कारणाने पडत नाही. तो पोत्यातूनच आला आहे.

आणखी एक ओळ सगळ्या अहवालांच्या तळाशी बारीक अक्षरांत असते: निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता. तुमच्याच माणसाने नमुना काढून पाठवला तर लॅब त्या किलोची हमी देते, 18 टनांची नाही. युरोपसाठी शेंगदाणा पाठवताना अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची व्यवस्था लागते आणि अपेडाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. त्या लॅबच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे मंडळ) मान्यतेच्या यादीत 'शेंगदाणा' आणि 'अफ्लाटॉक्सिन' हे दोन्ही एकाच ओळीत आहेत ना, तेही पाहून घ्या. मसाल्यासाठी मान्यता असणे पुरेसे नाही.

यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एचपीएलसी घेऊ नका, एलसी-एमएस/एमएसचा तर विचारही नको. यंत्राच्या किमतीपेक्षा ते चालवणारा प्रशिक्षित केमिस्ट, शुद्ध सॉल्व्हंट, कॉलम, वार्षिक देखभाल आणि वीज यांचा खर्च तुम्हाला पेलणार नाही, आणि हंगाम संपला की यंत्र पडून राहील. पैसे या क्रमाने लावा. पहिला, चांगला ओलावामापक. दाण्यांत 7 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर पोते शिवायचे नाही. दुसरा, लांब सळई, नमुना विभागणारे साधन आणि मोठा कटर-मिक्सर. तिसरा, आकडा देणारा स्ट्रिप रीडर, आणि तो 20 किलोंच्या वाटणावर वापरायचा. त्याने माल तीन ढिगांत वाटा: स्पष्ट चांगला, स्पष्ट वाईट, आणि मधला. मधला ढीग पुन्हा सॉर्टरमधून काढायचा. चांगल्या ढिगाचा शेवटचा नमुना मान्यताप्राप्त लॅबला द्यायचा. मर्यादेच्या जेमतेम आत बसणारा लॉट पाठवू नका. समुद्रापलीकडचा निरीक्षक त्याच लॉटमधून नवा नमुना काढणार आहे, आणि वर दाखवलेले गणित त्याच्याही नमुन्याला लागू आहे.

आता हातातल्या 18 टनांचे काय करायचे ते. तिन्ही अहवाल बाजूला ठेवा. 46 आला म्हणजे लॉटमध्ये कुठेतरी विषारी दाणे आहेत हे निश्चित, कारण नसलेले विष नमुन्यात येत नाही. 'आढळले नाही' या अहवालाने ते निश्चित खोडले जात नाही. सगळा माल पुन्हा कलर सॉर्टरवर घाला. पोचट, सुरकुतलेले, रंग उडालेले, फुटके दाणे कडक निवडीने वेगळे करा. शक्य असेल तर साल काढून निवडा, डागी दाणे साल निघाल्यावर ठळक दिसतात. बाहेर पडणाऱ्या स्वच्छ मालाच्या धारेतून नवा 20 किलोचा नमुना घ्या आणि फक्त त्याच अहवालावर निर्णय करा. वाटणाचा एक भाग सीलबंद करून गोठवून ठेवा. वाद झाला तर तिसऱ्या लॅबला तोच द्यायचा.

आणि निवडीत बाजूला पडलेल्या दाण्यांबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. आपल्याकडे नापास माल जातो कुठे? स्थानिक बाजारात, चिक्कीत, कुटात, नाहीतर घाण्यावर. भाजून किंवा शिजवून हे विष जात नाही. भाजताना थोडे कमी होते, बाकीचे राहते. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तो मका तपासला तेव्हा त्यात 6 ते 15 पीपीएम अफ्लाटॉक्सिन निघाले, म्हणजे हजारांत पीपीबी. त्या लोकांकडे दुसरे धान्य नव्हते. तुमच्याकडे पर्याय आहे.

घाण्यावर घातले तर बहुतेक विष पेंडीत उतरते आणि थोडे न शुद्ध केलेल्या तेलात राहते. तीच पेंड गाई-म्हशींपुढे जाते. खाल्लेल्या बी-1 पैकी साधारण 1 ते 2 टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही जास्त, एम-1 होऊन, म्हणजे जनावराच्या शरीरात बदललेल्या रूपात, दिवसभरात दुधात येते. एफएसएसएआयच्या 2018 च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 368 मध्ये एम-1 मर्यादेपेक्षा जास्त होते. दुधाची मर्यादा आपल्याकडे अर्धा पीपीबी आहे, आणि पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी-1 ला 20 पीपीबीची. तुमच्या टाकाऊ ढिगात किती आहे हे त्याच स्ट्रिप रीडरवर, अर्क पुरेसा पातळ करून, तासाभरात कळेल. 20 च्या वर असेल तर तो घाण्यालाही देऊ नका आणि गोठ्यालाही देऊ नका. पोत्यांवर खूण करा, वजन नोंदवा आणि जाळून टाका. खर्च लॉटच्या हिशेबात धरा.